चार ओळींची इंग्रजी, खाऱ्या वाऱ्यावर

फळ्यावर 'शी' लिहिलं, म्हटलं, "म्हणजे ती," आणि अख्खी ओटी हसून लोळायला लागली.

ओटी माझीच. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, दिवेलागणीची वेळ, आगरी-कोळ्यांच्या घरातली आठ-नऊ पोरं. 'ती'ला 'शी' म्हणायचं? एका मुलीनं नाक दाबून धरलं. दुसऱ्याचं डोकं आणखी पुढे पळालं, "आन् ही म्हंजे तो? ताई, ह्ये उलटंच हाय!" अगदी बरोबर. मराठीत 'ही' मुलगी, इंग्रजीत 'ही' मुलगा. त्या संध्याकाळी धडा बाजूला राहिला आणि आम्ही असे दुतोंडी शब्द गोळा करत बसलो. तू म्हणजे दोन. ती म्हणजे चहा. की म्हणजे किल्ली. मग म्हणजे कानवाला पेला. आणि बोट म्हणजे? "मांडव्याची!" सगळे एकदम ओरडले. मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहून बोटीकडे बोट दाखवलं की एका शब्दात दोन्ही भाषा बोलून होतात.

सगळ्यात धाकटी गप्प होती. तिनं विचारलं, "आय म्हंजे मी कशी? आय तर घरी हाय." आमच्याकडे आईला 'आय' म्हणतात. इंग्रजी वाक्य सुरू करताना दर वेळी आईचं नाव घ्यायचं, हे तिला इतकं आवडलं की त्यानंतर ती 'आय'पासून सुरू होणारी वाक्यं सोडून दुसरं काही बोलेना.

पुड्यावरचा पाठ

ओटीचा नियम एकच. रोज चार ओळी. पुस्तकातल्या नकोत, घरात किंवा रस्त्यात सापडलेल्या हव्यात. बिस्किटाचा पुडा, औषधाचं खोकं, बोटीचं तिकीट, युरियाची गोण, आईस्क्रीमचा कप, काहीही चालेल. एकानं आणायचं, सगळ्यांनी वाचायचं. आधी बोट ठेवून सावकाश, मग मोठ्यानं, मग कागद पालथा घालून. शेवटी त्याचा अर्थ घरी जसं बोलतो तसं बोलून सांगायचा. पंधरा मिनिटांत आटोपतं.

वेष्टनावरची इंग्रजी शिकायला फार सोपी असते. तिथे काळ नसतो, कर्ता नसतो, लिंग नसतं. नुसती आज्ञा. शेक, टेअर, ओपन, कीप, पुश, पुल. मराठीत आज्ञा करायची तर समोर कोण आहे ते आधी बघावं लागतं. धाकट्याला 'हलव', आजोबांना 'हलवा', सरकारी फलकावर 'हलवावे'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'शेक'. हे कळल्यावर पोरांना केवढं हायसं वाटतं!

एकदा बिस्किटाच्या पुड्यावर आलं, 'कीप इन अ कूल अँड ड्राय प्लेस'. महिना जुलैचा. पत्र्यावर पाऊस कोसळतोय, भिंतींना ओल, दोरीवरचे गणवेश तीन दिवस वाळलेले नाहीत. एका मुलानं घरभर नजर फिरवली आणि अगदी मनापासून विचारलं, "ताई, ड्राय प्लेस कुठं हाय?" मग सगळ्यांनी शोधली. घट्ट झाकणाचा डबा. चुलीवरची उतरंड. माळ्यावरची सुकटीची पिशवी. 'ड्राय' हा शब्द त्या दिवशी असा बसला की नंतर सुक्या बोंबलाला 'ड्राय फिश' म्हणायला कुणाला सांगावं लागलं नाही.

खिशातलं पुस्तक

दहा रुपयांची नोट काढा. त्यावर इंग्रजीचं एक पूर्ण, सुंदर वाक्य छापलेलं असतं: 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ टेन रुपीज'. कर्ता आहे, क्रियापद आहे, वचन आहे, खाली सहीसुद्धा आहे. 'बेअरर' म्हणजे ज्याच्या हातात नोट आहे तो. नोट हातोहात फिरवली की दर वेळी बेअरर बदलतो. 'आता बेअरर कोण?' हा खेळ माझ्या ओटीवर अर्धा तास चालला आहे.

नोट उलटी करा. मागे एका चौकटीत १५ भाषांत रक्कम लिहिलेली असते. इंग्रजी वर्णमालेप्रमाणे भाषांचा क्रम, म्हणून आसामी पहिली. मराठी वरून आठवी. पुढच्या बाजूची हिंदी आणि इंग्रजी धरली तर एका कागदावर १७ भाषा झाल्या. इतक्या स्वस्तात एवढी भाषांची जत्रा दुसरीकडे कुठे मिळेल?

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर पहिली भारतीय सही ज्यांची उमटली ते चिंतामणराव देशमुख रायगडचे. महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्म. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, पुढे विलायतेत आयसीएसच्या परीक्षेतही पहिले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मराठीत अक्षरं गिरवलेला माणूस इंग्रजीत 'आय प्रॉमिस' म्हणतो आणि सारा देश ते मानतो. पोरांना हे सांगताना माझा आवाज चढतोच.

आणखी एक गंमत. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं. ती नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं. सही अर्थसचिवांची. वाचनाची सवय लागलेली पोरं असलं काही बरोबर पकडतात. 'ताई, हितं प्रॉमिस नाय!'

मुंगसाचं अनेकवचन

इंग्रजीचा धाक वाटणाऱ्या पोराला मी एकच शब्द आधी देते: 'मंगूस'. हा शब्द इंग्रजांनी आपल्या मुंगसावरून घेतला. आपल्या परसात सापामागे धावणारं मुंगूस बोटीत बसून विलायतेला गेलं आणि तिथल्या शब्दकोशात जाऊन बसलं. गंमत अशी की शेवट 'गूस' असा आला. 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस'. मग मुंगसांना 'मंगीस' म्हणायचं का? नाही, 'मंगूसेस'. कारण तो शब्द हंसाच्या कुळातला नाही, आपल्या घरचा आहे.

बोंबलाचंही तसंच. इंग्रजीत त्याला 'बमलो' असंही एक नाव आहे, ते 'बोंबील'वरूनच गेलेलं. पण जगाला ठाऊक आहे तो 'बॉम्बे डक'. मासा आणि बदक? मुंबईहून सुक्या बोंबलाच्या वासाची टपालगाडी जायची, 'बॉम्बे डाक', त्यावरून नाव पडलं, असं सगळे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण मुंबईची आगगाडी १८५३ साली सुटली आणि हे नाव त्याच्या आधीच छापलेलं सापडतं. तेव्हा गोष्ट ऐकावी, आवडून घ्यावी, पण परीक्षेत लिहू नये.

हॉटेलातली मेन्यूकार्डं हे आमचं आवडतं वाचन. पर्यटकांसाठी लिहिलेली असतात, पण परीक्षा घ्यायची तर आमच्या पोरांनी. बांगडा मॅकरल. कोळंबी प्रॉन. माकूल स्क्विड. शेवंड लॉब्स्टर. कालवं ऑयस्टर. रावसाला 'इंडियन सामन' लिहितात, पण रावस सामनच्या कुळातला नाहीच. आणि पापलेट, पॉम्फ्रेट, हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. या यादीत मला एक शब्द शिकवावा लागला नाही. पोरांना मासा ठाऊक होता, फक्त त्याचं दुसरं नाव सांगायचं होतं.

जिभेचा हिशोब

पुण्याकडचे पाहुणे आगरी बोलीला हसतात, 'डोळा'ला 'डोला' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणतात म्हणून. त्यांना सांगावंसं वाटतं की इंग्रजीतही ना ळ आहे ना ण. लंडनचा माणूसही 'डोला' आणि 'पानी'च म्हणेल. या बाबतीत आमची पोरं इंग्रजीच्या एक पाऊल जवळ आहेत, आणि बोलीची लाज बाळगून इंग्रजी शिकण्याचं त्यांना काहीच कारण नाही.

मराठीकडे आणखी शिदोरी आहे. 'चांगला'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगळे. 'कॅट्स' म्हणताना शेवटी जो आवाज येतो तो आपण 'चांगला' म्हणताना रोज काढतो. 'झू'मधला आवाज आपल्या 'जग'मध्ये आहे. आणि 'बॅट', 'ऑफिस' लिहायला आपण वेगळ्या खुणा केल्या. २००९ च्या शासननिर्णयानं ॲ आणि ऑ हे थेट मराठी वर्णमालेतले स्वर झाले. अडचण येते ती 'व'ची. इंग्रजीतले दोन व आपल्या कानाला एकच लागतात. त्याला उपाय आरसा. एका 'व'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. ओटीवर एक फुटका आरसा त्यासाठीच टांगलाय.

तिकडे चीनमध्येही पोरं हेच वाचतायत

२००० साली महाराष्ट्रानं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. त्याआधी ती पाचवीला भेटायची. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, चीननं तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं ठरवलं. म्हणजे आमची पोरं आणि तिकडची पोरं एकाच सुमाराला या वाटेला लागली. तिथे शाळा भरण्याआधी सकाळचं वाचन असतं. सगळा वर्ग एकाच वेळी मोठमोठ्यानं वाचतो. १९९० च्या दशकातल्या तिथल्या पाठ्यपुस्तकात ली लेई नावाचा मुलगा आणि हान मेईमेई नावाची मुलगी होती. एकमेकांना नावं विचार, पेन कुणाचं ते विचार, असे चार-चार ओळींचे संवाद. त्या पिढीतल्या कुणालाही ही दोन नावं सांगा, चेहरा खुलतो. आपल्याकडे बालभारतीच्या जुन्या धड्यांचं नाव काढल्यावर होतं तसंच.

दोन्हीकडची पोरं चुकतात कुठे, ते बघण्यासारखं आहे. 'अ' आणि 'द' यांच्यापुढे दोघंही अडखळतात, कारण ना मराठीत ही उपपदं आहेत ना चिनीत. 'ही' आणि 'शी' मात्र वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. चिनी बोलताना तो, ती, ते यांना एकच उच्चार, 'ता'. त्यामुळे तिथली पोरं आजीला 'ही' म्हणून मोकळी होतात. आमच्या पोरांची तऱ्हा उलटी. मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. निर्जीवालाही लिंग दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. सगळ्या सामानसुमानाला सरसकट 'इट' म्हणायचं हे त्यांना भारी रुक्ष वाटतं.

पण एक जागा अशी आहे, जिथे मराठी आणि चिनी एका बाजूला आणि इंग्रजी एकटी पडते. 'आम्ही चाललो' आणि 'आपण जाऊ' यात केवढा फरक! पहिल्यात ऐकणारा घरी राहिला, दुसऱ्यात तोही निघाला. उत्तर चीनमध्येही असे दोन शब्द आहेत, 'वोमन' आणि 'त्सामन'. इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. 'वुई आर गोइंग टू काशीद बीच' असं वाक्य आलं तेव्हा धाकटीनं लगेच विचारलं, "म्या पन का?" तिच्या भाषेत हा प्रश्न पडलाच नसता.

आकड्यांत चिनी पोरं सगळ्यात सुखी. अकराला ते 'दहा-एक' म्हणतात, एकवीसला 'दोन-दहा-एक'. इंग्रजीत विसाच्या पुढे गाडी रुळावर येते. आपल्याकडे एकोणपन्नास, त्रेसष्ट, सत्त्याऐंशी, प्रत्येक आकडा नवा चेहरा घेऊन येतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला एकवीस आवडतं, पण 'ट्वेंटी वन' शिकवताना मी आधी 'वीस एक' म्हणून घेते. पोराला लगेच कळतं.

आणि चहा? मूळ चिनी शब्द 'चा'. आमच्याकडे पाहुणा आला की विचारतात, 'चा घेनार ना?' हजारो मैलांवरचा उच्चार कोकणातल्या ओटीवर जसाच्या तसा.

भाषेचा हा रस्ता उलट दिशेनंही कापला गेलाय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. युद्ध चालू, जखमींची रांग लागलेली, आणि तेवढ्यात चिनी शिकून ते तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवूही लागले. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. नवी भाषा आपल्याला जमेल का, असं कुणी कुरकुरलं की मी त्यांचं नाव सांगते.

उरणचं चालतं-फिरतं वाचनालय

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि उरणच्या पोरांना घराबाहेरच वाचनालय मिळालं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक कंटेनर म्हणजे एक पान. वर मोठ्या अक्षरांत चार अक्षरं आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण, चौथं बहुतेक वेळा 'यू', म्हणजे मालाचा कंटेनर. सहा आकडे त्याचा नंबर आणि शेवटचा, चौकटीतला आकडा हा पहारेकरी. आधीची अक्षरं-आकडे हिशोबात घातले की तोच आकडा यायला हवा. न आला तर नंबर कुठेतरी चुकीचा उतरवला आहे.

दारावर लिहिलेलं असतं 'मॅक्स ग्रॉस', 'टेअर', 'नेट'. ग्रॉस म्हणजे मालासकट वजन, नेट म्हणजे नुसता माल. आणि टेअर? बाजारात तेल घेताना दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो ना, तेच. टेअर म्हणजे भांड्याचं वजन. धडा म्हणजे पाठ आणि धडा म्हणजे हा, दोन्ही एकदम शिकवायची संधी मला उरणच्या एका भाचरानं दिली. तो सुट्टीत आला होता आणि वहीत बावीस कंटेनरचे नंबर लिहून आणले होते. खेळण्यावरचं 'मेड इन चायना' हे तर तो तिसऱ्या वर्षापासून वाचतो. त्याला ओळखता आलेले पहिले तीन इंग्रजी शब्द हेच.

थोडक्यात वाचण्याचा कारखाना ढाक्याला

सोप्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द विरळ पेरलेली छोटी इंग्रजी पुस्तकं आज जगभर विकली जातात. त्यांची एक मोठी मुळी आपल्या उपखंडात आहे. १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांच्या महाविद्यालयात मायकल वेस्ट नावाचे प्राचार्य होते. बंगाली पोरांना इंग्रजी बोलायला क्वचित मिळतं, पण वाचायची गरज रोज पडते, असं त्यांनी पाहिलं. म्हणून आधी वाचन, असं ठरवून त्यांनी गोष्टी नव्यानं लिहिल्या. अवघड, जुनाट शब्द काढले, नेहमीचे घातले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी निघाली. त्याआधी, १९३० मध्ये, ऑग्डेन या इंग्रज भाषाभ्यासकांनी ८५० शब्दांतच इंग्रजी बसवून दाखवली होती, क्रियापदं फक्त १८! ती घेऊन रिचर्ड्स हे नामांकित समीक्षक चीनमध्ये शिकवायला गेले.

त्याहून कमी? अमेरिकन बालसाहित्यिक डॉक्टर स्यूस यांचं हिरवी अंडी आणि हॅमचं पुस्तक १९६० चं. त्यात वेगवेगळे शब्द मोजून ५०. प्रकाशकानं पैज लावली होती म्हणून. त्या पन्नासांत 'एनिव्हेअर' सोडला तर बाकीचे सगळे एका झटक्यात बोलता येणारे. आम्ही एकदा ओटीवर पन्नास शब्दांची गोष्ट रचायचा प्रयत्न केला. 'फिश', 'बोट', 'सी', 'नेट', 'रेन', 'बिग', 'गो'. छत्तिसाव्या शब्दाला मासा जाळ्यातून पळाला आणि गोष्ट तिथेच संपवावी लागली.

आपल्याकडची जुनी परंपरा तर्खडकरांची. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली छोटी-छोटी वाक्यं इकडून तिकडे, तिकडून इकडे करत महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आणि एका तर्खड घरात एक फार मोठा विद्यार्थी येऊन गेला. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जायच्या आधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्याकडे राहिले, बोलायची इंग्रजी सुधारायला. शिकवायला डॉक्टरांची मुलगी, अन्नपूर्णा. विलायतेहून परतलेली, रवींद्रनाथांहून थोडी मोठी. तिला त्यांनी 'नलिनी' असं नाव दिलं. तिचे काका दादोबा पांडुरंग म्हणजे मराठी व्याकरण लिहिणारे. त्या कुटुंबात दोन्ही भाषा सुखानं नांदत होत्या, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

चिमूटभर

'हॉर्न ओके प्लीज' हे ट्रकवरचं वाक्य महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद केलं, कारण ते वाचून गाड्या विनाकारण हॉर्न मारतात. तीन शब्दांचं वाचन केवढा आवाज करू शकतं!

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इंग्रजीत 'स्प्रिंग टाइड' म्हणतात. वसंताशी काही संबंध नाही. पाणी उसळी घेतं म्हणून स्प्रिंग.

बुडणारी बोट वायरलेसवर तीनदा 'मेडे' म्हणते. मे महिन्याचा दिवस नव्हे. 'मला मदत करा' या अर्थाचा फ्रेंच शब्द इंग्रजी कानांनी ऐकला आणि १९२० च्या दशकात लंडनजवळच्या विमानतळावरून तो जगभर गेला. खलाशांच्या पोरांनी हा शब्द अर्थासकट शिकलाच पाहिजे, म्हणून तो मी दर महिन्याला पुन्हा घेते.

कोर्लई, चौल आणि मिसळीची भाषा

भाषा शिकताना मिसळ झाली तर घाबरू नका, असं आमच्या किनाऱ्याचा इतिहासच सांगतो. पोर्तुगीज चौलहून १७४० मध्ये गेले. पण कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात त्यांच्या भाषेपासून तयार झालेली एक बोली अजून बोलली जाते, हजारेक माणसांत. तिथले लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. मराठीच्या शेजारात राहून तिनं मराठीचं वळण घेतलं. तिथलं पोर घरात ही बोली, रस्त्यावर मराठी आणि शाळेत इंग्रजी, असं दिवसातून तीन वेळा कपडे बदलावेत तसं भाषा बदलतं.

त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, रशियातल्या त्वेर शहरातला अफानासी निकितीन नावाचा व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. त्यानं लिहिलेल्या टिपणांत रशियन वाक्यात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. वाटेत कानावर पडलं ते त्यानं लिहिलं. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. पोरांना तिथे नेलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, हा माणूस चालता चालता भाषा शिकला.

सुगरण की सुगरण्या?

वाचनानंतर एक ओळ लिहायची असते. त्या दिवशी पाहिलेलं काहीही, पण पाहिलेलंच. ही कल्पना अलिबागजवळच्या किहीमवरून सुचली. १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली किहीमला राहत होते आणि सुगरणींची घरटी तासन् तास बघून टिपणं करत होते. त्या बारीक टिपणांतून मोठी गोष्ट कळली. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की तो पंख फडफडवून बोलावतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर मुक्काम. मग तो गडी दुसरं घरटं विणायला घेतो.

आपण मात्र पक्ष्याला नाव दिलं सुगरण! इंग्रजीतला 'वीव्हर' ना ती ना तो, नुसता विणणारा. मराठीच्या लिंगांनी घोटाळा केला आणि इंग्रजीनं सोडवला, असं ओटीवर पहिल्यांदाच झालं. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'ही मेक्स हाऊस. शी सीज हाऊस. शी सेज नो.' 'अ' राहिलाय, 'द' राहिलाय. मी एकाही शब्दाला हात लावला नाही. तिनं विहिरीवर जाऊन खरंच पाहिलं होतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली, बापूस घरात. या दोन महिन्यांत ओटीवर गर्दी जास्त, आणि आणलेल्या वाचनात बोटीचं सामान जास्त. इंजिनच्या तेलाचा डबा, रंगाचा डबा, जीपीएसचं माहितीपत्रक. यंदा ऑगस्ट उजाडायच्या आदल्या संध्याकाळी ती 'शी'ला नाक दाबणारी मुलगी नवंकोरं लाइफ जॅकेट घेऊन आली. पाठीवर छापलेल्या चार ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या, मग मोठ्यानं, मग डोळे मिटून. तिचा बापूस, बोटीवरचा तांडेल, पायरीवर येऊन उभा राहिला होता. 'फास्टन ऑल स्ट्रॅप्स,' ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळून, "बाबा, समदं पट्टे बांधाचे. एक पन सुटा नाय ठेवाचा." त्यानं तिथेच जॅकेट अंगात घातलं आणि पट्टे बांधायला घेतले.